जुनी गाडी देऊन नवी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी बदलायची की अजून काही वर्षं चालवायची, हा प्रश्न बहुतेकांना गॅरेजचं मोठं बिल हातात आल्यावर पडतो. शोरूमसमोरून जाताना नवं मॉडेल डोळ्यांत भरलं तरी तोच प्रश्न येतो. या दोन्ही वेळी डोकं शांत नसतं. म्हणून पुढची उत्तरं शक्यतो घाई नसताना वाचा, आणि वाचताना स्वतःच्या गाडीचे आकडे जवळ ठेवा. माझं मत लपवत नाही: ज्या गाडीची नीट देखभाल झाली आहे आणि जिचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, ती गाडी बहुतेक वेळा ठेवावी. पण काही गाड्या एक दिवससुद्धा ठेवू नयेत. त्यांच्याबद्दलही खाली लिहिलं आहे.

विचार सुरू कुठून करायचा?

पुढच्या तीन वर्षांपासून. आजवर गाडीवर काय खर्च झाला ते बाजूला ठेवा, तो पैसा परत येणार नाही. एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात आहे ती गाडी ठेवली तर तीन वर्षांत काय लागेल ते लिहा: ठरलेली सर्व्हिसिंग, येऊ घातलेल्या दुरुस्त्या, टायर, इंधन, विमा, आणि या काळात तिची किंमत जितकी उतरेल ती रक्कम. दुसऱ्यात नव्या गाडीचा तोच हिशेब लिहा. त्यात कर्जाचं व्याज, नोंदणी आणि कर मिळवा.

दुसऱ्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. तो असतो किमतीतल्या घटीचा. त्याचं बिल कुणी पाठवत नाही, त्यामुळे तो खर्च वाटत नाही. गाडी विकायला जातो तेव्हा एकदमच कळतो.

नव्या गाडीची किंमत खरंच इतकी पटकन उतरते?

हो. मॉडेल, मागणी आणि बाजार यांप्रमाणे फरक पडतो, पण ढोबळमानाने नवी गाडी पहिल्याच वर्षात १५ ते २५ टक्के किंमत गमावते आणि पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास येते. पुढे उतरण मंदावते. दहा वर्षांच्या गाडीची किंमत वर्षभरात आणखी फारशी पडत नाही, कारण पडायला फार उरलेलं नसतं.

याला अपवादही घडतात. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांचं उत्पादन अडलं, तेव्हा अनेक देशांत वापरलेल्या गाड्यांचे भाव उलटे चढले. तशी वेळ पुन्हा येईल असं धरून हिशेब मांडू नका.

‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला की गाडी काढून टाकावी’ हा नियम बरोबर आहे का?

हा नियम फार ऐकायला मिळतो, आणि त्याच्यामुळे पुष्कळ चांगल्या गाड्या अकाली विकल्या जातात. हिशेब सोपा जावा म्हणून नव्या गाडीची किंमत १०० धरू. समजा, तुमच्या गाडीची आजची किंमत त्या मापाने २० आहे आणि गॅरेजवाल्याने दुरुस्तीला १२ सांगितले. नियमाप्रमाणे गाडी गेली. पण त्या १२ मध्ये ती आणखी दोन-तीन वर्षं बिनतक्रार चालणार असेल, तर तितक्यात तिच्या तोडीची दुसरी गाडी मिळते का, एवढंच बघायचं. सहसा मिळत नाही. १०० ची नवी गाडी पहिल्या वर्षातच १५ ते २५ उतरते, म्हणजे फक्त उतरणीतच त्या दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे जातात.

याच्या उलट, दुरुस्ती ५ चीच असेल पण तिच्यामागोमाग आणखी चार कामं रांगेत उभी असतील, तर नियमात बसूनही ती गाडी महागात पडते.

मग कुठली दुरुस्ती करावी आणि कुठे थांबावं?

गाडीतले काही भाग झिजण्यासाठीच असतात. ब्रेक पॅड आणि डिस्क, बॅटरी, टायर, क्लचप्लेट, शॉकअप, सस्पेन्शनचे बुश, वॉटर पंप, अल्टरनेटर, टायमिंग बेल्ट. यांचं बिल मोठं आलं तरी गाडी म्हातारी झाली असा अर्थ काढू नये. ते बदलले की तो खर्च काही वर्षांसाठी मिटतो. टायमिंग बेल्टकडे मात्र दुर्लक्ष नको. अनेक इंजिनांत तो साधारण १ लाख किलोमीटरच्या आसपास, किंवा ठराविक वर्षांनी, बदलायला सांगितलेला असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. बेल्ट चालत्या इंजिनात तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि बेल्टच्या कामाऐवजी अख्ख्या इंजिनाचं काम निघतं. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते. ती जास्त टिकते, पण वेळच्या वेळी ऑइल बदललं तरच.

थांबून विचार करायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. चेसिसला किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं त्या पत्र्याला आरपार गंज लागला असेल, तर मी ती गाडी ठेवणार नाही. दारावरचा गंज दिसायला वाईट असतो. खालचा गंज अपघाताच्या वेळी गाडी कशी दुमडते ते बदलून टाकतो. इंजिन वारंवार तापत असेल आणि ऑइलला दुधासारखा रंग आला असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) गेलं असण्याची शक्यता मोठी असते. तिथे आधी नीट निदान, मगच निर्णय. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलताना धक्के देऊ लागला तर ऑइल बदलून भागतंय की आतलं काम आहे, हे त्या कामातल्या जाणकाराकडूनच तपासून घ्या. पुराच्या पाण्यात डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी मात्र दुरुस्त झाली म्हणून सांगितली तरी वायरिंगचे कनेक्टर महिनोन्महिने आतून सडत राहतात. आज खिडकी बंद पडते, उद्या इंजिनाचा सेन्सर.

मोठं बिल आणि वारंवार येणारी बिलं यांत फरक करा. वर्षातून एकदा झालेलं मोठं काम परवडतं. वर्षभरात तीन वेगळ्या यंत्रणा बिघडल्या, प्रत्येक वेळी गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि दर वेळी तुम्ही कामावर उशिरा पोचलात, तर ते नुकसानही पहिल्या रकान्यात लिहा.

किती किलोमीटर झाले की गाडी बदलावी?

असा आकडा नसतो. सर्व्हिसिंग चुकलेली नसेल तर आजच्या बहुतेक गाड्या २ लाख किलोमीटर सहज ओलांडतात. किलोमीटर कसे झाले, ते जास्त महत्त्वाचं. मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने झालेले १ लाख किलोमीटर इंजिनाला फारसे जाणवत नाहीत. रोज दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. त्यात तयार होणारी वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, एक्झॉस्ट आतून गंजतो, आणि डिझेल गाडीचा धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर चोंदतो.

फार कमी चाललेल्या गाडीलाही वय लागतंच. रबर उभ्या-उभ्याही कडक होतं. टायरच्या बाजूला कोरलेल्या ‘डॉट’ क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या टायरवर भरवसा ठेवू नये.

हप्ता बसतोय, मग गाडी परवडतेच ना?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून आकड्यांनी सांगतो. १०० चं कर्ज वर्षाला १० टक्के दराने घेतलं आणि तीन वर्षांत फेडलं, तर एकूण सुमारे ११६ भरावे लागतात. तेच कर्ज सात वर्षांवर नेलं तर हप्ता जवळजवळ निम्म्यावर येतो, पण एकूण सुमारे १३९ जातात. व्याज १६ वरून ३९ वर. विक्रेता हप्ता सांगतो, कारण तो लहान दिसतो. तुम्ही दर वेळी तीनच गोष्टी विचारा: एकूण किती भरायचं, किती वर्षं, आणि प्रक्रिया शुल्क धरून खरा दर किती.

लांब मुदतीत आणखी एक तोटा आहे. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि मुद्दल हळू फिटतं, आणि त्याच काळात गाडीची किंमत सगळ्यात वेगाने उतरते. त्यामुळे बराच काळ कर्ज जास्त आणि गाडी स्वस्त अशी अवस्था राहते. त्या काळात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याच्या पैशातून कर्ज फिटत नाही.

आताच्या गाडीचं कर्ज बाकी आहे. तरी बदलता येईल?

येईल, पण आधी बँकेकडून आजच्या तारखेला कर्ज बंद करायला नेमके किती लागतील ते लेखी घ्या, मुदतीआधी फेडण्याच्या आकारासह. मग गाडीची आजची किंमत काढा. बाकी ४० आणि किंमत ५५ असेल तर १५ तुमच्या हातात उरतात. बाकी ६० आणि किंमत ४५ असेल तर तुम्ही १५ ने खाली आहात. अशा वेळी विक्रेता म्हणतो, ‘काळजी करू नका, तेवढे नव्या कर्जात घालू.’ कृपा करून हे करू नका. जी गाडी तुमच्याकडे नसेल तिचे पैसे तुम्ही पुढची कित्येक वर्षं व्याजासकट भरत राहाल, आणि नव्या गाडीवर पहिल्याच दिवशी आणखी खोल जाल. गाडी चालण्यासारखी असेल तर तीच चालवा, जमेल तेव्हा मुद्दलात थोडी जादा रक्कम भरा, आणि कर्ज किमतीच्या खाली आल्यावर हा विचार पुन्हा करा.

नवी गाडी ॲव्हरेज चांगलं देते. इंधनात पैसे वसूल होतील?

थोडे होतील, सगळे क्वचितच. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १२ देत असेल तर १,२५० लिटर लागतात. १८ देणाऱ्या गाडीला ८३३. वर्षाला ४१७ लिटर वाचले. तुमच्या भावाने गुणा आणि नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या घटीशेजारी तो आकडा ठेवा. फरक डोळ्यांसमोर येईल.

ॲव्हरेजचे आकडे थोडे फसवतातही. १२ वरून १८ ला गेलात तर ४१७ लिटर वाचतात, पण २० वरून २६ ला गेलात तर १७३ च. वाढ दोन्हीकडे सहाच किलोमीटरची. म्हणून जिची गाडी फार पितेय तिने बदलण्याचा विचार आधी करावा, आणि जिची आधीच काटकसरी आहे तिने ॲव्हरेजसाठी गाडी बदलू नये.

सुरक्षिततेसाठी गाडी बदलणं योग्य आहे का?

योग्य आहे. माझ्या मते आकड्यांचा हिशेब मोडून गाडी बदलायला हे एकच कारण पुरेसं आहे.

ॲन्टी-लॉक ब्रेक १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले. घसरणारी गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये आलं. पण ते साध्या गाड्यांपर्यंत यायला फार वर्षं लागली. अमेरिकेत ते २०१२ च्या मॉडेलपासून, आणि युरोपीय संघात २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचं झालं. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या कित्येक गाड्यांत ते नाही. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर ताबा सुटून होणारे अपघात ते टाळतं, आणि ते नंतर बसवून घेता येत नाही. तुमच्या गाडीत ते नसेल, बाजूच्या पडदा एअरबॅग नसतील, आणि घरातलं नवशिकं मूल तीच गाडी चालवणार असेल, तर गाडी बदला. अगदी नवी हवी असं नाही. या सोयी असलेली पाच-सहा वर्षांची गाडीही चालेल.

स्टार रेटिंग बघताना वर्ष बघा. गाड्यांची सुरक्षितता तपासून स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने १९९७ पासून चाचण्यांचे निकाल द्यायला सुरुवात केली, आणि चाचण्या वेळोवेळी कडक होत गेल्या. पंधरा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार एका तराजूत घालता येत नाहीत.

जुनी गाडी ठेवणार असाल तरी एक काम आजच करा. गाडीचा १७ अक्षरी व्हिन क्रमांक (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावलेली असणं, बाकी आहे का ते पाहा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडत होते, माणसं दगावली. जगभरात अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. हे काम अधिकृत केंद्रात फुकट होतं, तरी कित्येक मालकांपर्यंत ती सूचना पोचलेलीच नाही, विशेषतः ज्यांनी गाडी दुसऱ्याकडून घेतली आहे त्यांच्यापर्यंत.

इलेक्ट्रिक घ्यावी म्हणून थांबू का?

राहत्या जागी चार्जिंग करता येत असेल आणि रोजचा प्रवास ठरलेला असेल, तर इलेक्ट्रिक गाडी चालवायचा खर्च कमी येतो. ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट यांची कटकट नसते. पण हे तंत्र झपाट्याने सुधारतंय, त्यामुळे कालच्या मॉडेलची किंमत लवकर पडते. आहे ती गाडी धड असेल तर थांबण्यात तोटा नाही. वापरलेली इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखवणारा अहवाल मागा. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. ती नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी विचारा.

जुनी गाडी डीलरला द्यावी की स्वतः विकावी?

स्वतः विकली तर सहसा जास्त पैसे येतात. डीलरला ती धुऊन-पुसून, दुरुस्त करून, जागा अडवून, पुन्हा विकायची असते. त्याचा खर्च आणि नफा तुमच्या किमतीतूनच निघतो. त्याबदल्यात तुमचा वेळ वाचतो, अनोळखी माणसांना चाचणीसाठी गाडी द्यावी लागत नाही, आणि नंतर कुणी तक्रार घेऊन येत नाही. काही देशांत जुन्या गाडीची रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवरच कर बसतो. तसं असेल तर दोन्हींतलं अंतर बरंच कमी होतं, म्हणून आधी ते विचारून घ्या.

डीलरकडे द्यायचं ठरलं तरी सौदे वेगळे ठेवा. डीलरला चार ठिकाणी पैसे मिळतात: तुमच्या जुन्या गाडीत, नव्या गाडीत, कर्जात, आणि वाढीव वॉरंटी, कोटिंग, ॲक्सेसरीज यांत. चारही एकत्र बोलायला बसलात की एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने कधी परत घेतली ते कळतही नाही. जुन्या गाडीला भरघोस भाव दिला, पण नवीवरची सूट काढून घेतली, हे नेहमीचं. आधी नव्या गाडीची अंतिम किंमत लेखी घ्या, जुनी द्यायची आहे हे न सांगता. मग जुनीचा भाव दोन-तीन ठिकाणी काढा. कर्जाचा दर स्वतःच्या बँकेत आधीच विचारून ठेवा. ‘ही ऑफर आजच संपतेय’ असं कुणी म्हणालं तर घरी जा.

विकण्याआधी डेंटिंग-पेंटिंग करून घ्यावं का?

नको. आत-बाहेर स्वच्छ धुऊन घ्या, बंद दिवे बदला, सर्व्हिसची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावून ठेवा. ताजा रंग पाहिला की घेणाऱ्याला अपघात लपवल्याची शंका येते. जो दोष आहे तो सांगा. भाव थोडा कमी येईल, पण घेणाऱ्याच्या घरचे त्याच गाडीत बसणार आहेत.

नव्याऐवजी वापरलेली घेतली तर?

हिशेबाने बघितलं तर तीन-चार वर्षांची, एका हातातली, कागद पूर्ण असलेली गाडी बहुतेकांसाठी सगळ्यात शहाणी निवड आहे. मोठी उतरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि सुरक्षिततेच्या सोयी जवळपास आजच्याच मिळतात. अडचण इतकीच, की तुम्ही ओळखीचे दोष देऊन अनोळखी दोष घेता. म्हणून स्वतःच्या खर्चाने, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. इंजिन गार असताना सुरू करून बघा. आधीच तापवून ठेवलं असेल तर कारण विचारा. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि स्टिअरिंगचं कातडं चकाकत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. मेकॅनिकला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावायला सांगा. फॉल्ट कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या अनेक स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात, कारण त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच फिरावी लागते. तसं दिसलं तर दुसरी गाडी बघा.

गाडीत काही बिघाड नाही, पण मन भरलंय. हे कारण चालतं का?

चालतं. पैसा तुमचा आहे आणि नव्या गाडीचा आनंदही खरा असतो. फक्त त्याला काटकसरीचं रूप देऊ नका. दोन्ही रकान्यांतल्या बेरजांतला फरक म्हणजे त्या आनंदाची किंमत. ती बचतीला हात न लावता देता येत असेल तर द्या. त्याआधी एकदा जुनीला चांगले टायर, नवे शॉकअप आणि आतून मनापासून सफाई करून चालवून बघा. पुष्कळदा कंटाळा गाडीचा नसून तिच्या खडखडाटाचा असतो.

गरज बदलली असेल तर?

मग फार घोळत बसू नका. बाळाची खुर्ची मागे नीट बसत नाही, आईचे गुडघे दुखतात आणि खाली वाकून आत शिरता येत नाही, व्हीलचेअर डिकीत मावत नाही, ही पक्की कारणं आहेत. दुसरी गाडी बघायला जाताना ती खुर्ची आणि त्या आईला सोबत घेऊन जा.

गाडी देताना काय विसरू नये?

मालकी बदलल्याची नोंद सरकारी कार्यालयात पूर्ण झाल्याचा कागद हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका. तोपर्यंत दंडाची नोटीस किंवा अपघाताचा दावा तुमच्याच नावावर येऊ शकतो. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. कर्ज होतं तर बँकेचा बोजा नोंदणीवरून उतरवून घ्या. विमा कंपनीला कळवा, टोलचा टॅग काढून ते खातं बंद करा. गाडीच्या स्क्रीनमधून फोनची जोडणी, संपर्कांची यादी, घराचा पत्ता पुसून फॅक्टरी रीसेट करा, आणि गाडीच्या मोबाइल ॲपमधूनही ती काढून टाका. नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहील, आणि तुमचं घर कुठे आहे ते नव्या मालकाला. गॅरेजच्या दाराचा रिमोट सन व्हायझरला लावलेला असेल तर तोही काढा. दुसरी किल्ली मात्र शोधून द्या, तिच्यावाचून भाव कापला जातो.